लॉजिक गेम्समध्ये नियम लिहून होतात, पण निष्कर्ष सुचत नाहीत: नेमके अडते कुठे?

नियम सगळे नीट उतरवून घेतले, जागांची आकृतीही काढली, पण त्यापुढे काय करायचे हे कळत नाही. मग पहिल्याच प्रश्नापासून पाचही पर्याय एकामागून एक तपासत बसावे लागते आणि तिसऱ्या गेमपर्यंत पोहोचेतो वेळ संपत आलेली असते. लॉजिक गेम्सचा, म्हणजे दिलेल्या नियमांनुसार काही नावे किंवा अक्षरे जागांवर वा गटांत बसवण्याच्या कोड्यांचा, सराव करणाऱ्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि बहुतेक जण तिचा दोष स्वतःच्या बुद्धीला देतात. निष्कर्ष ‘सुचावे’ लागतात आणि ज्याला सुचत नाहीत त्याचा हा प्रांत नव्हे, असे त्यांनी धरून चाललेले असते. मला हे मुळातच चूक वाटते. या गेम्समधले निष्कर्ष ठरावीक जागी दडलेले असतात, त्या जागा मोजक्या आहेत आणि कोठे पाहायचे हे ठाऊक असेल तर ते सापडतात. ते सापडत नसतील, तर त्याला एकाहून अधिक कारणे असू शकतात. आपले कारण कोणते हे आधी ओळखावे लागते, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

आधी एक खुलासा करतो. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेत या गेम्सचा विभाग ‘ॲनॅलिटिकल रीझनिंग’ या नावाने येत असे. त्यात ३५ मिनिटांत चार गेम्स आणि साधारण २२ ते २४ प्रश्न असत, म्हणजे एका गेमच्या वाट्याला बरोबर पावणेनऊ मिनिटे येत. आकृती काढल्यावाचून हे गेम्स सोडवणे फार अवघड असते आणि म्हणून दृष्टिहीन परीक्षार्थींना या विभागात समान संधी मिळत नाही, असा आक्षेप न्यायालयात गेला. २०१९ मध्ये त्या दाव्यात तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून हा विभाग परीक्षेतून वगळण्यात आला. आजच्या एलसॅटला बसणाऱ्याने केवळ गुणांसाठी गेम्सवर आठवडे घालवू नयेत. मात्र १९९१ पासूनच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधले गेम्स अजूनही सरावासाठी वापरले जातात, बैठकव्यवस्थेची आणि निवडीची अशीच कोडी इतर स्पर्धा परीक्षांमध्ये येतात आणि ‘जर–तर’ची जी शिस्त येथे लागते तीच एलसॅटच्या सध्याच्या लॉजिकल रीझनिंग विभागातही उपयोगी पडते. या तिन्हींपैकी ज्या कारणासाठी तुम्ही हे गेम्स सोडवत असाल, त्यासाठी पुढचे विवेचन लागू आहे.

माझ्या स्वतःच्या सरावात हा दोष कोठे आहे ते मला फार उशिरा दिसले आणि ते दिसले कच्च्या कागदांमुळे. एकदा आठ-दहा गेम्सचे कच्चे कागद समोर मांडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की एकाच गेमसाठी सात चौकटींची रांग मी पाच-सहा वेळा काढली आहे आणि प्रत्येक वेळी ती कोरीच सुरू केली आहे. तिसऱ्या जागी एक अक्षर कायमचे ठरलेले असतानाही प्रत्येक नव्या रांगेत ते पुन्हा लिहिलेले होते. एका जोडीला फक्त दोनच जागा मोकळ्या होत्या, तरी दर प्रश्नाला तिच्यासाठी सहा जागा तपासल्याच्या खुणा होत्या. प्रश्न सुरू होण्याआधी एकदाच करायचे काम मी प्रत्येक प्रश्नात नव्याने करत होतो. तुम्हीही तुमचे कच्चे कागद असे मांडून पाहा. त्यावर एकच रांग पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तुमचा दोष पुढे दिलेल्या पहिल्या प्रकारात मोडतो, आणि बहुसंख्य लोकांचा तोच असतो.

नियम एकएकटे वाचले जातात

नियमांच्या यादीत प्रत्येक नियम स्वतंत्र ओळीत छापलेला असतो आणि आपणही तो स्वतंत्र ओळीतच उतरवतो. निष्कर्ष मात्र एका नियमात क्वचितच असतो. तो दोन नियम जेथे एकाच अक्षरापाशी भेटतात तेथे असतो. म्हणून नियम लिहून झाल्यावर ‘यातून काय निघते?’ असा मोघम प्रश्न स्वतःला विचारू नये, कारण त्याचे उत्तर मिळत नाही. ‘कोणते अक्षर दोन किंवा अधिक नियमांत आले आहे?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर यादीवर बोट फिरवून मिळते.

एक गेम घेऊन पाहू. एका न्यायाधिकरणासमोर ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’, ‘च’, ‘छ’ आणि ‘ज’ अशा सात अर्जांची सुनावणी सात दिवसांत, रोज एक याप्रमाणे व्हायची आहे. ‘ख’च्या लगेच दुसऱ्या दिवशी ‘घ’ची सुनावणी होते, हा पहिला नियम. ‘क’ची सुनावणी ‘घ’च्या आधी कधीतरी होते, हा दुसरा. ‘च’ची सुनावणी तिसऱ्या दिवशी होते, हा तिसरा. ‘छ’ची सुनावणी ‘घ’च्या नंतर कधीतरी होते, हा चौथा. ‘ग’ची सुनावणी पहिल्या किंवा सातव्या दिवशी होते, हा पाचवा. ‘ज’बद्दल काहीच सांगितलेले नाही.

यादीवर बोट फिरवले की दिसते, ‘घ’ हे अक्षर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अशा तीन नियमांत आहे. म्हणजे सुरुवात येथूनच. ‘घ’च्या लगेच आधीची जागा ‘ख’ने घेतलेली असल्यामुळे ‘क’ जर ‘घ’च्या आधी असेल तर तो ‘ख’च्याही आधीच असणार, ‘छ’ त्या जोडीच्या नंतर येणार. तीन वेगवेगळ्या ओळींऐवजी आता एकच साखळी हातात आली: आधी ‘क’, मग ‘खघ’ ही न तुटणारी जोडी, मग ‘छ’. सातपैकी चार अक्षरे एका सूत्रात ओवली गेली. येथे जुन्या तीन ओळींवर रेघ मारून साखळी ठळक लिहावी, म्हणजे पुढे नजर त्या सुट्या ओळींकडे जात नाही.

आता या साखळीला तिसऱ्या नियमाशेजारी ठेवा. लागून असलेल्या दोन दिवसांची जोडी सात दिवसांत सहा ठिकाणी बसू शकते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ती बसली तर ‘क’ला आधी जागाच उरत नाही. दुसरा-तिसरा आणि तिसरा-चौथा या दोन्हींत तिसरा दिवस ‘च’चा आहे. सहाव्या-सातव्या दिवशी बसली तर ‘छ’ला नंतर जागा नाही. उरले चौथा-पाचवा आणि पाचवा-सहावा. सहा शक्यतांच्या दोन झाल्या, आणि अजून एकही प्रश्न वाचलेला नाही.

दोनच शक्यता उरतात तेव्हा दोन्ही रांगा काढून ठेवणे फायद्याचे असते. पहिल्या रांगेत ‘च’ तिसरा, ‘ख’ चौथा, ‘घ’ पाचवा. ‘क’ पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी आणि ‘छ’ सहाव्या किंवा सातव्या. दुसऱ्या रांगेत ‘च’ तिसरा, ‘ख’ पाचवा, ‘घ’ सहावा. मग ‘छ’ला सातवा दिवस सोडून पर्याय नाही. आणि सातवा दिवस ‘छ’ने घेतला की पाचव्या नियमानुसार ‘ग’ला पहिला दिवस घ्यावाच लागतो. म्हणजे दुसऱ्या रांगेत फक्त दुसरा आणि चौथा दिवस मोकळा राहतो आणि तेथे ‘क’ व ‘ज’ यांची अदलाबदल एवढीच शक्यता उरते. पहिल्या रांगेत ‘ग’ पहिल्या दिवशी असेल तर ‘क’ दुसऱ्या दिवशी जातो आणि ‘छ’ व ‘ज’ शेवटचे दोन दिवस वाटून घेतात. ‘ग’ सातव्या दिवशी असेल तर ‘छ’ सहाव्या दिवशी जातो आणि ‘क’ व ‘ज’ पहिले दोन दिवस वाटून घेतात. चार आणि दोन मिळून सगळ्या गेममध्ये सहाच मांडण्या शक्य आहेत.

आता प्रश्न येतो: ‘ज’ची सुनावणी चौथ्या दिवशी असेल, तर पुढीलपैकी काय सत्य असलेच पाहिजे? चौथा दिवस मोकळा फक्त दुसऱ्या रांगेत आहे, म्हणून ‘ग’ पहिला, ‘क’ दुसरा, ‘ख’ पाचवा, सगळेच ठरले. पुढचा प्रश्न: पाचव्या दिवशी कोणाकोणाची सुनावणी होऊ शकते? ‘ख’ किंवा ‘घ’, आणखी कोणाचीही नाही. ज्या ‘ज’बद्दल एकही नियम नाही त्याला तरी सगळे दिवस मोकळे असतील असे वाटते, पण तिसरा आणि पाचवा दिवस त्यालाही बंद आहे. हे प्रश्न सोडवायला काही सेकंद लागतात, कारण काम आधीच झालेले आहे. जो माणूस हाच गेम निष्कर्षांशिवाय सोडवतो तो प्रत्येक पर्यायासाठी सात चौकटी भरून पाहतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा बरोबरच येते. म्हणूनच हा दोष लवकर लक्षात येत नाही: उत्तरे बरोबर असतात, फक्त शेवटचे सात-आठ प्रश्न हातचे जातात.

‘जर–तर’ उलटे लिहिले जाते

काही जणांची अडचण याच्या अगदी उलट असते. त्यांना निष्कर्ष भराभर सुचतात, पण एखाद्या प्रश्नात पाचही पर्याय चुकीचे ठरतात किंवा दोन बरोबर दिसतात. असे झाले तर निष्कर्ष कमी पडलेले नसतात. एखादा नियम उलटा लिहिलेला असतो आणि त्यावर उभारलेले सगळेच डळमळीत झालेले असते. अशा वेळी प्रश्नाशी झगडत बसू नये, मूळ नियमांकडे परत जाऊन सशर्त नियम शब्दागणिक पडताळावेत.

या नियमांत ‘इफ’, ‘ओन्ली इफ’ आणि ‘अनलेस’ हे इंग्रजी शब्द येतात आणि गोंधळ तेथेच होतो. मराठी वाचकाजवळ यावर एक हुकमी उपाय आहे, तो म्हणजे आपला ‘च’. ‘‘म’ निवडला तर ‘य’ निवडलाच पाहिजे’ या वाक्यात ‘च’ ‘य’कडच्या अर्ध्या भागात आहे, ‘म’ आला की ‘य’ आला, म्हणून म → य. ‘‘म’ निवडला तरच ‘य’ निवडता येतो’ या वाक्यात तोच ‘च’ उडी मारून ‘म’कडच्या भागात गेला, आता ‘य’ला ‘म’ची गरज आहे, म्हणून य → म. ज्या भागात ‘च’ तो भाग बाणाच्या टोकाला, एवढे लक्षात ठेवले की पुरते. ‘ओन्ली इफ’ दिसले की मनात ‘तरच’ म्हणा. ‘अनलेस’ दिसले की ‘शिवाय’ म्हणा: ‘‘फ’ असल्याशिवाय ‘य’ला घेता येत नाही’ म्हणजे ‘य’ आहे तर ‘फ’ आहेच, य → फ. इंग्रजी वाक्याचा बाण थेट काढण्यापेक्षा एक क्षण थांबून वाक्य मराठीत म्हणून पाहिले तर चूक होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

बाण एकदा बरोबर निघाला की त्याचा दुसरा चेहराही लगेच शेजारी लिहून ठेवावा: म → य असेल, तर ‘य’ नाही → ‘म’ नाही. दोन्ही बाजूंना नकार द्यायचा आणि दिशा फिरवायची. यालाच कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. त्याउलट, ‘य’ आहे म्हणून ‘म’ असेल, किंवा ‘म’ नाही म्हणून ‘य’ नसेल, ही दोन्ही अनुमाने अवैध आहेत. शाळेच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय सिद्ध केल्यावर त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, तो आपोआप मिळत नाही, हे आठवावे. येथेही तेच: नियमाचा व्यत्यास नियमात दिलेला नसतो.

नकारार्थी नियमांच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत सर्वांत महागात पडते. ‘‘प’ असेल तर ‘फ’ नसावा’ याचा अर्थ दोघे एकत्र येत नाहीत. दोघेही नसणे मात्र चालते. ‘‘ब’ नसेल तर ‘भ’ असलाच पाहिजे’ याचा अर्थ दोघेही एकदम गैरहजर राहू शकत नाहीत. दोघेही असणे मात्र चालते. दुसऱ्या जातीचा नियम वाचून ‘दोघांपैकी एकच’ असे लिहिण्याची सवय फार खोलवर बसलेली असते. मी आता असा नियम आला की बाण काढल्यावर त्याखाली चार शब्द लिहितो: पहिल्या जातीसाठी ‘दोघांपैकी जास्तीत जास्त एक’ आणि दुसऱ्यासाठी ‘दोघांपैकी कमीत कमी एक’. हे लिहायला लागणारे चार-पाच सेकंद वाचवण्याचा मोह टाळावा.

संख्या मोजायची राहून जाते

नियम जोडले, बाण बरोबर काढले, तरीही निष्कर्ष अपुरे वाटतात, अशी तिसरी अवस्था असते. निवडीच्या गेम्समध्ये ती विशेष दिसते. येथे राहून गेलेला नियम बहुधा यादीत नसतोच. तो सुरुवातीच्या परिच्छेदात, ‘नेमके चार’ अशा शब्दांत लपलेला असतो. परिच्छेद आपण गोष्ट समजून घेण्यासाठी वाचतो आणि नियम म्हणून फक्त यादी मोजतो, म्हणून ही संख्या हातातून निसटते.

वर वापरलेल्याच अक्षरांचा गेम करू. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’, ‘म’, ‘य’ आणि ‘र’ या सात उमेदवारांमधून नेमक्या चार जणांची समिती निवडायची आहे. ‘प’ असेल तर ‘फ’ नसावा. ‘ब’ नसेल तर ‘भ’ असलाच पाहिजे. ‘म’ निवडला तर ‘य’ निवडलाच पाहिजे. ‘फ’ असल्याशिवाय ‘य’ला घेता येत नाही.

सामायिक अक्षरे पाहिली की शेवटचे दोन नियम जुळतात: म → य → फ. उलट बाजूने, ‘फ’ नाही → ‘य’ नाही → ‘म’ नाही. याला पहिला नियम जोडला की ‘प’ आला म्हणजे ‘फ’, ‘य’ आणि ‘म’ तिघेही बाहेर गेले. बहुतेक जण येथवर येतात आणि थांबतात. आता मोजा. समितीत चार जागा आहेत, म्हणजे समितीबाहेर तीनच जागा आहेत. ‘फ’, ‘य’, ‘म’ यांनी त्या तिन्ही भरल्या. आणखी कोणालाही बाहेर राहता येत नाही. म्हणून ‘प’ असलेली समिती एकच: ‘प’, ‘ब’, ‘भ’, ‘र’.

आणखी एक पाऊल पुढे जा. समजा ‘फ’ नाही. मग ‘य’ आणि ‘म’ही नाहीत, बाहेरच्या तिन्ही जागा पुन्हा भरल्या, म्हणून ‘प’ला आत यावेच लागते. पहिला नियम सांगत होता की ‘प’ आणि ‘फ’ एकत्र नसतात. संख्या सांगते की दोघेही नाहीत असेही होऊ शकत नाही. दोन्ही मिळून: ‘प’ आणि ‘फ’ यांच्यापैकी नेमका एक. बाहेरच्या तीन जागांपैकी एक जागा कायम या दोघांपैकी एकाची झाली आणि उरलेल्या पाच जणांमधून नेमके दोघे बाहेर राहतात, इतका हा गेम लहान झाला.

‘म’ निवडला तर काय होते पाहा. ‘म’, ‘य’, ‘फ’ या तीन जागा गेल्या, चौथी एकच उरली. दुसऱ्या नियमामुळे ‘ब’ किंवा ‘भ’ यांच्यापैकी एक तरी हवाच, म्हणून ती चौथी जागा त्यांच्यातल्याच एकाची. परिणामी ‘म’ आणि ‘र’ कधीही एकत्र येत नाहीत. संपूर्ण गेममध्ये ‘र’चे नाव एकाही नियमात नाही, तरी त्याच्याबद्दल एवढा पक्का निष्कर्ष निघतो. तसेच ‘र’ नसेल तर ‘य’ असलाच पाहिजे: ‘य’ही नसता तर ‘म’ही गेला असता, ‘प’ किंवा ‘फ’ यांच्यापैकी एक तर बाहेर आहेच, म्हणजे चार जण बाहेर झाले असते आणि बाहेर जागा तीनच आहेत. निवडीच्या गेम्समध्ये आत कोण आहे यापेक्षा बाहेरच्या जागा किती उरल्या याकडे लक्ष ठेवणे हा मला सर्वांत फलदायी मार्ग वाटतो, कारण बाहेरच्या जागा सहसा कमी असतात आणि लवकर भरतात.

गटांत वाटणीचे जे गेम्स असतात, उदाहरणार्थ आठ जणांना तीन गटांत बसवायचे आणि प्रत्येक गटात किमान दोघे हवेत, त्यांत हेच काम नियमांना हात लावण्याआधी करावे. येथे गटांच्या आकाराच्या दोनच तऱ्हा संभवतात: चार-दोन-दोन किंवा तीन-तीन-दोन. ही वाटणी पानाच्या वरच्या बाजूला लिहून ठेवली की पुढे एखादा गट पाच जणांचा करण्याची चूक होत नाही.

निष्कर्ष कोठे थांबवायचे

यातून एक नवी अडचण उद्भवते, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. निष्कर्षांची गोडी लागली की काही जण प्रश्नांकडे वळतच नाहीत आणि पाच-सहा मिनिटे आकृतीतच जातात. माझ्या मते पावणेनऊ मिनिटांपैकी दोन ते तीन मिनिटे मांडणीला द्यावीत. सामायिक अक्षरे जोडली, संख्या मोजली, सर्वांत जखडलेल्या अक्षराच्या किंवा जोडीच्या शक्यता तपासल्या, एवढे झाले की थांबावे. शक्यता दोन किंवा तीन निघाल्या तर त्या प्रत्येकीची रांग काढावी. चार-पाच निघाल्या आणि प्रत्येकीत बहुतेक जागा रिकाम्याच राहत असतील, तर रांगा काढण्यात वेळ घालवू नये. काही गेम्स सैलच रचलेले असतात, त्यांत मोठे निष्कर्ष नसतातच, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न ‘जर अमुक असेल तर’ या प्रकारचे असतात. मोठा निष्कर्ष निघाला नाही याचा अर्थ आपले काही चुकले, असा घेऊ नये.

निष्कर्ष बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. बहुतेक गेम्सचा पहिला प्रश्न ‘पुढीलपैकी कोणती मांडणी शक्य आहे?’ असा असतो. तो पाठोपाठ एकेक नियम घेऊन सोडवावा: पहिला नियम मोडणारा पर्याय खोडा, मग दुसरा मोडणारा, असे शेवटपर्यंत. जो पर्याय उरतो तो तुमच्या काढलेल्या रांगांपैकी एकीत बसलाच पाहिजे. बसत नसेल, तर एखादा निष्कर्ष चुकला आहे आणि ते पहिल्याच प्रश्नात कळले, हे उत्तमच. वरच्या सुनावणीच्या गेममध्ये ‘क’, ‘ज’, ‘च’, ‘ख’, ‘घ’, ‘छ’, ‘ग’ असा पर्याय उरला असता, तर तो पहिल्या रांगेत चपखल बसतो. ही उरलेली मांडणी खोडू नये. ‘कोणते विधान सत्य असू शकते?’ अशा पुढच्या प्रश्नात तिच्याकडे आधी पाहावे. पर्यायातली गोष्ट त्या मांडणीत घडलेली असेल, तर उत्तर तयारच आहे.

एका प्रश्नातली ‘जर’ची अट मात्र त्याच प्रश्नापुरती असते. ती मुख्य आकृतीत लिहिली गेली तर पुढचे सगळे प्रश्न बिघडतात, आणि घाईत असे सर्रास होते. अशा प्रत्येक प्रश्नासाठी त्याच्या शेजारी वेगळी रांग काढावी आणि मुख्य आकृतीला प्रश्न सुरू झाल्यावर हात लावू नये.

सराव कसा करावा, याबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगेन. गेम सोडवून उत्तरे तपासली की तो संपला असे मानू नका. तोच गेम चार-पाच दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा घ्या आणि या वेळी प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणत्या नियमांतून निघाला त्यांचे क्रमांक लिहा: ‘‘क’ ‘ख’च्या आधी, १ आणि २’, ‘जोडी ४-५ किंवा ५-६, साखळी आणि ३’, ‘‘छ’ सातवा तर ‘ग’ पहिला, ५’. ज्या निष्कर्षापुढे क्रमांक लिहिता येत नाही तो निष्कर्ष आठवणीतून आलेला असतो, विचारातून नव्हे. त्यावर खूण करून पुन्हा नियमांशी जोडून पाहा. असे दहा-बारा गेम्स झाले की कागदाच्या कडेला एक नोंद आपोआप जमते: आपल्याकडून कोणत्या जातीचा जोड राहून जातो. माझ्या कागदांवर ती जवळजवळ प्रत्येक वेळी संख्येचीच होती, आणि तेव्हापासून सुरुवातीच्या परिच्छेदातील प्रत्येक आकडा मी नियमांच्या यादीत पहिल्या ओळीवर उतरवून घेतो.

इतके करूनही परीक्षेच्या वेळी एखाद्या गेममध्ये काहीच पुढे सरकले नाही, तर मोघम विधानांचे प्रश्न मागे ठेवून आधी ‘जर’ असलेले प्रश्न सोडवावेत. त्यांतली अट एखादे अक्षर जागेवर बसवून देते आणि त्या अक्षरापासून साखळी सुरू करता येते. असे दोन-तीन प्रश्न सुटले की कागदावर दोन-तीन वैध मांडण्या जमतात आणि मागे ठेवलेल्या प्रश्नांचे निम्मे पर्याय केवळ त्या मांडण्यांकडे पाहूनच निकाली निघतात.